लीलाच्या हाताची सूज

अप्पासाहेब मुळ्यांना चुकीचं बोललेलं सहन होत नसे. दुसऱ्यानं बोललेलं, हे सांगायला नकोच.

होळकरशाहीत तीस वर्षं त्यांनी इंदूरला पोरांना विज्ञान शिकवलं. संस्थान गेलं, मध्य भारत आला, अप्पासाहेब पेन्शनीत निघाले. निघताना शाळेनं भंगारात काढलेला एक फळा मागून घेतला आणि रामबागेतल्या आपल्या ओट्यावर टांगला. रोज सकाळी पूजा आटोपली की त्यावर एक गैरसमज लिहायचा आणि खाली त्याचा निकाल लावायचा. ‘चंबळेच्या धरणात पाण्यातून वीज काढून घेतली की पाण्यातलं सत्त्व जातं, हे खोटं.’ ‘जनगणनेत घरातली माणसं खरी सांगितली की रेशन कापतात, हे खोटं.’ पिठाच्या गिरणीकडे जाणारी गल्ली थांबून वाचायची आणि मान डोलवून पुढे जायची.

आता खरं सांगायचं तर अप्पासाहेब शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर असायचे. घोळ झाला तो त्यामुळेच. शंभराव्या वेळी कुणी तपासून बघितलंच नाही.

फळ्यावरची मराठी ओळ त्यांची असे आणि खालची हिंदी ओळ लीलाची. लीला म्हणजे समोरच्या नाना शितोळ्यांची मुलगी, एकोणीस वर्षांची. नाना पूर्वी महाराजांच्या पागेत कारकून होते, आता नळखात्यात. लीलाचं अक्षर मोत्यासारखं आणि हिंदी अप्पासाहेबांपेक्षा शंभरपट बरं, म्हणून हे काम तिच्याकडे आलेलं. लहानपणी ती अपूर्णांक याच ओट्यावर शिकली होती आणि काकांनी सांगितलेलं खोटं असू शकतं हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिचं लग्न ठरलं होतं. बेटम्याचे तुकोजी जगदाळे, होळकर फौजेतले जुने जमादार, त्यांचा मुलगा उदयसिंह बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. मार्गशीर्षात साखरपुडा होता.

चोपन्न सालची दिवाळी झाली आणि शहरात बीसीजीची मोहीम आली. क्षयाची लस, फुकट. रामबागेतल्या मुलींच्या शाळेत टेबल मांडलं. पण ही लस आल्या आल्या देत नसत. आधी हाताच्या आतल्या बाजूला एक बारीकशी परीक्षेची टोचणी. तीन दिवसांनी परत यायचं. तिथं सूज आली असेल तर पट्टीनं मोजायची. ज्याला सूज नाही त्याला लस. ज्याला सूज आहे त्याला म्हणायचं, जा घरी, तुला लस नको.

लीला पहिल्याच दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी तिचा हात टरारून सुजला होता, आणि ती हसत हसत घरी आली. गल्लीतल्या बायकांना सांगितलं, मला नाही दिली लस. बायकांनी विचारलं, का नाही दिली? लीला म्हणाली, मला काय ठाऊक, काकांना विचारते.

आता बघा, अप्पासाहेब शाळेत गेलेच नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रात मोहिमेबद्दल दोन परिच्छेद वाचले होते, आणि उरलेलं बुद्धीनं भरलं होतं. बुद्धी होतीच, पण त्या दिवशी ती घाईत होती. त्यांनी खडू घेतला आणि लिहिलं: ‘टोचणीनं हात सुजला तरी काही बिघडत नाही, हे खोटं. ज्याचा हात सुजतो त्याच्या अंगात क्षय आहे. म्हणून त्याला लस देत नाहीत.’

लीला खालची हिंदी ओळ लिहायला बसली. अर्ध्यावर तिचा हात थांबला.

“काका, मतलब, मला आहे?”

“हा सिद्धान्त आहे, बाळ. वैयक्तिक घेऊ नये.”

लीलानं ओळ पूर्ण केली. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. खडू खाली ठेवून ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

चार दिवसांत गल्लीत कुजबुज, आठवड्यात मल्हारगंजात, आणि दहाव्या दिवशी बेटम्याहून पत्र. तुकोजींच्या मेहुण्यानं फळा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. पत्र सभ्य होतं. मुलीला परमेश्वर आराम देवो, आम्ही मात्र दुसरीकडे बघतो, एवढंच.

ते पत्र हातात घेऊन नाना अप्पासाहेबांच्या ओट्यावर आले. अप्पासाहेबांना वाटलं, आता हा माणूस भांडणार. नाना भांडले असते तर बरं झालं असतं.

“अप्पासाहेबजी, तुमच्या फळ्यावरचं कधी खोटं नाही निघालं,” नाना म्हणाले. “लग्नाचं जाऊ द्या. पोर किती दिवसांची आहे, तेवढं सांगा. तिचं ताट वेगळं केलं आहे, मागच्या खोलीत निजवतो. हिची आई रोज खजराण्याला पायी जाते. गणपतीला काय मागावं ते तिला समजत नाही, की पोर जगू दे म्हणू, की लवकर सुटू दे म्हणू.”

तरी अप्पासाहेबांच्या तोंडातून निघालं ते हेच, “डॉक्टरला दाखवा. लवकर कळलं हे चांगलंच झालं म्हणायचं.” माणूस तीस वर्षं बरोबर असला की त्याची जीभ त्याचं ऐकत नाही.

त्याच दुपारी प्रेमलता आली. ही शाळेतल्या टेबलावर बसून टोचणारी बाई, रतलामची, पंचविशीची, पांढरी साडी आणि पायात जाड चपला. ती फळ्यासमोर उभी राहिली, दोन्ही ओळी वाचल्या आणि ओट्यावर चढली.

“मास्टरजी, ये आपने लिखा है? चार दिन से मेरी टेबल पे कोई नहीं आ रिया.”

“जे खरं ते लिहिलं आहे.”

“आप आए थे देखने?”

“यायची गरज नाही. शास्त्र घरी बसूनही समजतं.”

प्रेमलतेनं कपाळावरचा घाम पुसला. ती चिडली होती, पण वडील माणूस म्हणून आवाज खाली ठेवला. “तो ऐसा करो, कल आओ. आप अपना हाथ टोचवा लो. फिर तीन दिन बाद बात करेंगे.”

अप्पासाहेब गेले. का गेले, तर आपला हात कोरा निघणार याची त्यांना खात्री होती. पहाटे उठणारा, थंड पाण्यानं आंघोळ करणारा, सुपारीही न खाणारा माणूस. आपला कोरा हात गल्लीला दाखवायचा आणि वाद मिटवायचा, असा त्यांचा बेत होता.

दुसऱ्या दिवशी हात लाल झाला. तिसऱ्या दिवशी रुपयाएवढी सूज, वरून टणक आणि आतून ठणकणारी.

अप्पासाहेबांनी बायकोला काही सांगितलं नाही. आपला पेला स्वतः धुतला आणि वेगळा ठेवला. माजघरातून अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत आणलं. लक्ष्मीबाईंनी विचारलं तर म्हणाले, उकडतं. थंडीचे दिवस. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे निरखून बघितलं आणि एक रग आणून दिला. अप्पासाहेब रगात बसून राहिले आणि मोजायला लागले, गेल्या वर्षी खोकला आला होता तो किती दिवस होता. वजन किती घटलं. कुणाकुणाच्या पोराला मांडीवर घेतलं. मग एकदम त्यांना मागच्या खोलीतली लीला आठवली. ती हे सगळं दोन आठवडे मोजत बसली असेल. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी ते शाळेत गेले ते भिंतीच्या कडेकडेनं. प्रेमलतेनं पट्टी लावली, आकडा वहीत लिहिला आणि म्हणाली, “बढ़िया. अब जाओ घर.”

“किती दिवस आहेत?” अप्पासाहेबांनी विचारलं.

“काहे के दिन?”

अप्पासाहेबांनी आपल्या हाताकडे बोट केलं. तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की हा माणूस तीन दिवस मरायची तयारी करून आला आहे. ती हसली नाही. तिनं एक स्टूल पुढे सरकवलं, त्यांना बसवलं आणि वही उघडून त्यांच्यासमोर धरली. वयानं मोठ्या माणसांची यादी होती. दहातल्या आठ-नऊ जणांसमोर सुजेचा आकडा.

“मास्टरजी, शहर में रहते हो. बस में, बाजार में, किसी की खाँसी से वो जंतू कभी ना कभी अंदर जाता ही है. ज्यादातर लोगों का शरीर उसको पकड़ के बंद कर देता है. आदमी को पता भी नहीं चलता. सूजन का मतलब इतना ही, कि आपका शरीर उसको पहचानता है. बीमारी अलग चीज है. उसमें खाँसी हटती नहीं, बुखार रहता है, वजन गिरता है, और वो एक्स-रे से देखते हैं, हाथ से नहीं.”

“मग लस का देत नाही?”

“जो पहचानता है उसको क्या पहचान करवाना? लस उसके लिए है जिसका शरीर अभी कोरा है.”

अप्पासाहेब स्टुलावर तसेच बसून राहिले. इतकं सोपं होतं. त्यांच्या सातवीतल्या पोरांना कळलं असतं. विचारायला शाळा चारशे पावलांवर होती, आणि ते चारशे पावलं चालले नव्हते.

घरी येऊन त्यांनी फळा पुसला आणि नवीन मजकूर लिहिला. मी लिहिलेलं चूक होतं, अशी सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदाच. पण पुसून लिहिलेलं कोण मानतं? गिरणीकडे जाणारे वाचत होते आणि एकमेकांना म्हणत होते, नाना शितोळ्यांनी म्हाताऱ्याचे पाय धरलेले दिसतात, पोरीसाठी लिहून दिलं बिचाऱ्यानं.

मग ते समोर गेले. लीला मागच्या खोलीत खिडकीशी बसली होती. दोन आठवड्यांत पोरीचं तोंड उतरलं होतं. अप्पासाहेब उंबरा ओलांडून आत गेले, तिच्याजवळ खाली बसले, बाही वर केली आणि आपला हात दाखवला. सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाले, “मी चुकलो, बाळ. तुझं वाटोळं केलं.”

लीलानं त्यांच्या सुजेवरून बोट फिरवलं.

“मी बरी आहे की नाही, काका, एवढं सांगा फकत.”

“बरी आहेस. तरी एक्स-रे काढून घेऊ. या वेळी मी घरी बसून सांगणार नाही.”

एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, पोरीला दूध-तूप द्या आणि बाहेर फिरू द्या. नानांनी तिचं ताट परत पंगतीत घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. पण लग्न मोडलेलं ते मोडलेलंच होतं. क्षयाच्या नावानं परत पाठवलेली मुलगी पुन्हा उजवली जात नाही, हे गल्लीला फळ्याशिवाय ठाऊक होतं.

तेव्हा अप्पासाहेब बेटम्याच्या मोटारीत बसले.

तुकोजी जगदाळे अंगणात खाटेवर होते. मिशा पांढऱ्या, पाठ अजून फौजेतली. शेजारी त्यांची आई सखुबाई, सत्तरीच्या, लसूण सोलत होत्या. उदयसिंह दाराशी उभा होता, आणि सोळा वर्षांची मंगला, तुकोजींची धाकटी, पाणी घेऊन आली. अप्पासाहेबांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांचा कागद पुढे केला. बाही वर करून हातही दाखवला.

तुकोजींनी हात बघितला आणि मंगलाला म्हणाले, “मास्तरांचा पेला निराळा ठेव, बेटा.”

अप्पासाहेबांना ते लागलं. पण स्वतःचा पेला त्यांनी स्वतःच निराळा ठेवला होता, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं.

“हे बघा मास्तर,” तुकोजी म्हणाले, “तुम्ही आधी लिहिलं ते आम्ही मानलं, कारण तुम्हाला त्यात काय मिळणार होतं? आता तुम्ही सांगता ते कसं मानू? शितोळे तुमच्या समोर राहतात. कागद काय, कुणीही लिहून देतो.”

जे चुकीचं होतं ते लोकांनी एका दिवसात घेतलं, आणि जे खरं होतं ते पोत्यात घालून दारोदार फिरवावं लागत होतं.

“माझं मानू नका,” ते म्हणाले. “गुरुवारी बाजाराच्या दिवशी ती टोचणारी मंडळी इथे येतात. तुम्ही सगळे टोचून घ्या. तीन दिवसांनी मी येतो.”

“आम्हाला काय झालं आहे?” तुकोजी म्हणाले.

“काही झालं नाही ना? मग भितोस कशाला?” सखुबाई लसणावरून नजर न उचलता म्हणाल्या. “लढाईवर गेला होतास म्हणे. मी जाते पहिली.”

अप्पासाहेब रविवारी परत गेले. अंगणात कुणी नव्हतं. सगळे आत बसले होते, दार ओढून. सखुबाईंचा हात सुजला होता. तुकोजींचा तर त्यांच्याहून जास्त. मंगलाचाही. एकट्या उदयसिंहाचा हात कोरा होता, त्यामुळे घरात लस फक्त त्याला मिळाली होती आणि तो ओशाळल्यासारखा कोपऱ्यात बसला होता.

तुकोजींनी अप्पासाहेबांना खाटेवर बसवलं आणि जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, एक विनंती आहे. मंगलाचं हे इंदूरला कुणाला सांगू नका. पुढल्या साली तिचं बघायचं आहे. लोक कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. उगीच पोरीचं नुकसान.”

अप्पासाहेबांकडे दहा वाक्यं तयार होती, पण त्यांनी ती गिळली. तुकोजींनी मान वर केली. मंगला समोरच उभी होती, बाही मनगटापर्यंत ओढून.

“आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं,” सखुबाई म्हणाल्या. “तिकडेही एक बाप असंच दार ओढून बसला असेल रे, तुक्या.”

तुकोजी उठले, बाहेर जाऊन अंगणात फेऱ्या मारून आले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. “शितोळ्यांना सांगा,” ते म्हणाले, “आम्ही पुढच्या रविवारी येतो. त्यांनी हाकललं तर परत जाऊ.”

नानांनी हाकललं नाही. रविवारी पाहुणे आले, गालिचा अंथरला, पाट मांडला. जगदाळ्यांनी साडी, नारळ आणि साखरेचा पुडा आणला होता. नाना हातापाया पडायच्या बेतात होते, त्यांच्या बायकोचे डोळे सारखे भरत होते, आणि अप्पासाहेब भिंतीशी बसले होते, साता जन्मांचं ओझं उतरल्यासारखे. लीला आतून आली. सगळ्यांना वाटलं पाटावर बसेल. ती पाटाशेजारी उभी राहिली.

“मामंजी, एक विचारू?” ती तुकोजींना म्हणाली. “तुमच्या घरी कुणाचाच हात सुजला नसता तर?”

नाना म्हणाले, “लीला.” तेवढंच म्हणाले. उदयसिंहानं मान खाली घातली. तुकोजींनी मिशीवरून हात फिरवला. खोटं बोलायला जागा होती, आणि सगळ्यांना ते आवडलं असतं.

“नसतो आलो, पोरी,” तुकोजी म्हणाले. “एक्स-रेचा कागद दाखवला होता मास्तरांनी. तो मी बघितलाही नाही.”

अप्पासाहेबांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. या घरी सकाळपासून त्यांचे उपकार मानणं चाललं होतं, त्यांच्यामुळे जुळलं, त्यांच्यामुळे जुळलं. गप्प बसले असते तर जन्मभर तेच ऐकत राहिले असते.

“मीही नसतो गेलो बेटम्याला,” ते म्हणाले. “माझा हात कोरा निघाला असता तर मी फळ्यावर ते आणखी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. आणि तू मागच्या खोलीत असतीस, बाळ. मला कधी कळलंही नसतं.”

लीलानं त्यांच्याकडे बघितलं. मग तुकोजींकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साफ होता.

“आता बसते,” ती म्हणाली, आणि पाटावर बसली.